उष्णतारोधक सँडविच भित्तिपॅनेलांचे कापकाम : शीतगृह बांधकामाच्या संदर्भात एक तांत्रिक विवेचन

सारांश

शीतगृहे, अन्नप्रक्रिया केंद्रे, औषधनिर्मितीचे कारखाने आणि गोदामे यांच्या भिंतींसाठी पोलादी पत्रा व फोम यांनी बनलेली उष्णतारोधक सँडविच पॅनेले मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. ही पॅनेले कारखान्यात नियंत्रित परिस्थितीत तयार होतात. परंतु बांधकामस्थळी दरवाजे, नळ, कोपरे व छताचे सांधे यांसाठी ती कापावी लागतात. पॅनेलचे बळ, उष्णतारोध, गंजरोध आणि अग्निसुरक्षा हे चारही गुण कापलेल्या कडेपाशी एकाच वेळी धोक्यात येतात. प्रस्तुत लेखात पॅनेलची रचना, कापण्याची साधने, कापण्याची पद्धती, कडेचे संरक्षण व आगीचा धोका यांचे विवेचन केले असून, कापकाम हे किरकोळ काम न मानता आराखडा व निविदा यांचा भाग मानले जावे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : सँडविच पॅनेल, पफ पॅनेल, शीतगृह, थंड काप, उष्णतासेतू, बाष्परोध, अग्निसुरक्षा.

१. प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील निफाड व दिंडोरी या तालुक्यांत द्राक्षांचा हंगाम साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात असतो. वेलीवरून उतरवलेल्या द्राक्षाच्या मण्यातील उष्णता त्वरित काढून घेतली नाही तर देठ सुकतात, मणी गळतात आणि निर्यातीयोग्य माल स्थानिक बाजारात विकण्याची वेळ येते. म्हणून निर्यातीची द्राक्षे प्रथम पूर्वशीतकरण कक्षात सहा ते आठ तासांत सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली जातात व नंतर ० अंशाच्या आसपास तापमान आणि ९० ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या कक्षात साठविली जातात. बाहेर एप्रिलचे ऊन ३८ अंशांपर्यंत पोहोचले असताना आत ० अंश राखण्याचे काम यंत्राइतकेच भिंतीचेही असते.

ही भिंत बहुतेक ठिकाणी विटांची नसून ‘पफ पॅनेल’ या नावाने परिचित असलेल्या सँडविच पॅनेलांची असते. पॅनेल विकत घेताना त्याची जाडी, फोमची घनता व पत्र्याचा दर्जा यांची चौकशी केली जाते. मात्र तेच पॅनेल जागेवर आल्यानंतर कोणत्या हत्याराने, कोणाकडून व कशा रीतीने कापले जाणार, याची चौकशी क्वचितच होते. परिणामी कारखान्यात काळजीपूर्वक घडविलेल्या वस्तूचा दर्जा बांधकामस्थळी काही मिनिटांत उतरतो आणि त्याचे परिणाम मालकाला अनेक वर्षे सोसावे लागतात. या दृष्टीने कापकामाचा स्वतंत्र विचार होणे आवश्यक आहे.

२. पॅनेलची रचना व कार्य

सँडविच पॅनेलात दोन पातळ, कठीण पृष्ठपत्रे आणि त्यांच्यामध्ये हलका, जाड गाभा असे तीन स्तर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. या तत्त्वाचा एक प्रसिद्ध उपयोग दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानात झाला. त्याच्या सांगाड्यात बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा वापरण्यात आला होता. दुसरीकडे, ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे पॉलियुरेथेनचे रसायन विकसित केले. पुढे या रसायनापासून बनणारा ताठ फोम आणि पोलादी पत्रा यांच्या संयोगातून आजचे भित्तिपॅनेल सिद्ध झाले.

इमारतींसाठीच्या पॅनेलात पृष्ठपत्रा सामान्यतः ०.४ ते ०.६ मिमी जाडीचा, जस्त किंवा ॲल्युमिनियम-जस्त यांचा मुलामा दिलेला व वर रंगाचा थर असलेला असतो. गाभा चार प्रकारचा आढळतो : पॉलियुरेथेन, पॉलिआयसोसायनुरेट, प्रसारित पॉलिस्टायरीन म्हणजे बोलीभाषेतील थर्माकोल, आणि खनिज लोकर म्हणजेच रॉकवूल. पॉलियुरेथेन फोमची घनता बहुधा घनमीटरला ४० किलोग्रॅमच्या आसपास असते. त्याची उष्णतावाहकता दर मीटर-केल्व्हिनला सुमारे ०.०२३ वॅट, तर पोलादाची सुमारे ५० वॅट असते. म्हणजे पत्रा हा फोमपेक्षा दोन हजारांहून अधिक पटींनी उष्णतावाहक आहे. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

पॅनेलचे बळ आय आकाराच्या तुळईप्रमाणे निर्माण होते. वाऱ्याचा दाब आला असता एक पत्रा दाबला जातो, दुसरा ताणला जातो आणि मधला गाभा दोघांना ठरावीक अंतरावर ठेवून कर्तनबल सोसतो. ०.५ मिमी जाडीचे दोन पत्रे एकमेकांवर चिकटवून ठेवले आणि तेच पत्रे १०० मिमी अंतरावर गाभ्याने जोडले, तर दुसऱ्या रचनेचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा सैद्धान्तिकदृष्ट्या सुमारे ३० हजार पट होतो. गाभ्याच्या लवचीकतेमुळे प्रत्यक्षात हा लाभ कमी होतो, तरीही तो प्रचंड असतो. १०० मिमी जाडीच्या पॅनेलचे वजन चौरस मीटरला अवघे १२ किलोग्रॅमच्या आसपास भरते. २३० मिमी जाडीच्या विटांच्या भिंतीचे वजन ४०० किलोग्रॅमहून अधिक असते.

हे सर्व बळ पत्रा व गाभा यांच्यातील चिकटाईवर आणि पत्र्याच्या अखंडतेवर अवलंबून आहे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. विटेची भिंत फोडली तर आजूबाजूच्या विटा आपापल्या जागी राहतात. पॅनेलचा पत्रा कापला तर त्या रेषेवर बलाचा मार्गच खंडित होतो.

३. कारखान्यातील काप व जागेवरील काप

अखंड उत्पादन पद्धतीत पत्र्याची गुंडाळी उलगडून तिला आकार दिला जातो, दोन पत्र्यांमध्ये द्रव रसायनांचे मिश्रण सोडले जाते, ते फुगून दोन पट्ट्यांच्या दाबाखाली घट्ट होते आणि सलग बाहेर पडणारे पॅनेल त्याच गतीने सरकणाऱ्या करवतीने हव्या त्या लांबीला कापले जाते. येथे पॅनेल स्थिर धरलेले असते, करवतीचा वेग व पाते पदार्थाला अनुरूप असते आणि निघालेला कीस ओढून घेतला जातो. अशा पॅनेलांसाठीच्या ईएन १४५०९ या युरोपीय मानकानुसार ३ मीटरपर्यंतच्या लांबीत ५ मिमी आणि त्याहून अधिक लांबीत १० मिमी इतकाच अधिक-उणा फरक ग्राह्य मानला जातो.

बांधकामस्थळी यांपैकी कोणतीही अनुकूलता नसते. म्हणून पहिले तत्त्व असे की, जो काप कारखान्यात घेता येतो तो जागेवर घेऊ नये. त्यासाठी पुढील गोष्टी आराखड्याच्या टप्प्यावरच ठरवाव्या लागतात.

पहिली गोष्ट भिंतीच्या लांबीची. पॅनेलची उपयुक्त रुंदी १ मीटर असताना भिंत १०.४ मीटर लांब ठरविली, तर दहा पूर्ण पॅनेलांनंतर ०.४ मीटरची पट्टी उभी चिरून काढावी लागते. त्या पट्टीची कारखान्यात घडलेली एक खोबणीची कड नष्ट होते. भिंतीची लांबी १० किंवा ११ मीटर धरली असती तर हा काप उद्भवलाच नसता.

दुसरी गोष्ट उंचीची. पॅनेलांच्या लांबीची मागणी केवळ नकाशावरून न नोंदविता पोलादी सांगाडा उभा राहिल्यावर प्रत्यक्ष मोजमाप घेऊन नोंदविणे श्रेयस्कर ठरते. जोते एका टोकाला २० मिमी खाली असेल तर नकाशात तो फरक दिसत नाही. पॅनेल उभे करताना मात्र तो दिसतो व मग घाईघाईने काप घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट दरवाजे, खिडक्या व नळांच्या छिद्रांची. शीतकरण यंत्रणेचा पुरवठादार आणि पॅनेलचा पुरवठादार यांची रेखाचित्रे एकत्र पाहून प्रत्येक छिद्राचे स्थान आधी निश्चित केले, तर छिद्रे सांध्यापासून दूर, पॅनेलच्या मध्यभागी घेता येतात. मोठ्या छिद्रांभोवती आधाराची चौकट लागते. तिची तरतूदही याच वेळी करावी लागते.

४. कापण्याची साधने : थंड काप व उष्ण काप

साधनांचे वर्गीकरण आकारावरून न करता ती किती उष्णता निर्माण करतात यावरून करणे अधिक उपयुक्त आहे.

थंड काप म्हणजे दात असलेल्या पात्याने पत्र्याचे लहान लहान तुकडे छिलून काढणे. कार्बाइडचे दात असलेली व पातळ पोलाद कापण्यासाठी बनविलेली चक्री करवत, लांब पात्याची जिगसॉ, पुढेमागे चालणारी करवत, पत्र्याचे चावे घेणारा निबलर आणि हाताने चालणारी पत्र्याची कात्री ही या वर्गातील साधने होत. यांत उष्णता बहुतांशी किसाबरोबर निघून जाते व कड हाताला सोसवेल इतपतच गरम राहते.

उष्ण काप म्हणजे घर्षणाने किंवा ज्योतीने धातू जाळत जाणे. गॅस कटर पॅनेलावर वापरू नये हे सर्वांना समजते. परंतु आपल्याकडील प्रत्येक बांधकामावर हटकून आढळणारा ग्राइंडर व त्यावरील घर्षणचकती हेही उष्ण कापाचेच साधन आहे, याची जाणीव नसते. १०० मिमी व्यासाची चकती मिनिटाला ११ हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते. तिच्या परिघाचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर होतो. त्या घर्षणातून उडणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे जळत असलेला लोहकण असतो.

ग्राइंडरने होणारी हानी तीन प्रकारची आहे. पहिली, कडेवरील मुलाम्याची. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते व ९०७ अंशांला उकळते. घर्षणरेषेवरील तापमानात कडेजवळचे जस्त व रंग दोन्ही जळतात. पातळ पत्रा थंड पद्धतीने कापला असता उघड्या पडलेल्या लोखंडाचे रक्षण शेजारचे जस्त स्वतः झिजून करीत असते. ग्राइंडर नेमका हाच रक्षक नाहीसा करतो. दुसरी, पृष्ठभागाची. उडालेले तप्त लोहकण रंगात रुतून बसतात. त्या दिवशी ते दिसतही नाहीत. पहिल्या पावसानंतर मात्र पांढऱ्या भिंतीवर तांबूस ठिपके उमटतात व प्रत्येक ठिपका गंजाचे बीज ठरतो. तिसरी हानी गाभ्याची. तापलेल्या पत्र्यालगतचा फोम करपतो, चिकटाई सुटते आणि कडेपाशी पत्रा गाभ्यापासून विलग होतो. याखेरीज आगीचा धोका आहेच. त्याचा विचार स्वतंत्रपणे पुढे केला आहे.

ग्राइंडरच का वापरला जातो, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. तो कामगाराजवळ आधीपासून असतो, त्याची चकती स्वस्त मिळते आणि तो सर्व काही कापतो. पोलाद कापणारे चक्री पाते त्या तुलनेत महाग असते व ते बोथट झाल्यास बदलावे लागते. ठेका चौरस फुटावर दिलेला असताना हा खर्च कोणाचा, हे ठरलेले नसेल तर कामगार हाताशी असलेले हत्यारच उचलणार. त्यामुळे दोष केवळ कामगाराच्या अज्ञानावर ढकलणे न्याय्य ठरत नाही.

५. कापण्याची पद्धती

योग्य साधनाइतकीच योग्य कृतीही आवश्यक असते. या कामात सुताराची मोजमापाची शिस्त आणि पत्राकाम करणाऱ्याची धातूची जाण या दोहोंचा संगम व्हावा लागतो.

पॅनेल जमिनीवर ठेवून न कापता मऊ आच्छादन दिलेल्या घोड्यांवर ठेवावे. कापरेषेच्या दोन्ही बाजूंना आधार हवा. एका बाजूला आधार नसल्यास काप संपत येताना तुटणारा भाग स्वतःच्या वजनाने खाली झुकतो व शेवटचा पत्रा कापला जाण्याऐवजी फाटतो. रेषा आखताना गुण्याचा उपयोग करावा आणि पृष्ठभागावरील संरक्षक प्लॅस्टिकच्या थरावरच खूण करावी. टोकदार सुईने ओरखडा काढून खूण करण्याची पत्राकामातील जुनी सवय येथे अहितकारक आहे, कारण तो ओरखडा रंग व मुलामा भेदून जातो. पात्याने नष्ट होणारी दोन-तीन मिमी रुंदी मोजमापात धरावी आणि पाते टाकाऊ भागाच्या बाजूने चालवावे.

हातातील चक्री करवतीचे दात खालून वर कापत येतात. म्हणून दर्शनी पृष्ठ खाली ठेवले असता त्याची कड स्वच्छ येते. १८५ मिमी व्यासाच्या सामान्य करवतीची कापण्याची खोली ६५ मिमीच्या आसपास असते. त्यामुळे १०० मिमी जाडीचे पॅनेल एका फेरीत कापले जात नाही. अशा वेळी गुण्याने रेषा कडेवरून उतरवून दुसऱ्या पृष्ठावर अचूक नेणे आणि दोन्ही बाजूंनी काप घेणे हा मार्ग आहे. दोन्ही रेषा जुळल्या नाहीत तर कडेला पायरी पडते व तेथे सांधा बसत नाही.

दरवाजासारखे चौकोनी छिद्र घेताना एक दोष वारंवार घडतो. चक्री पाते गोल असल्याने वरच्या पत्र्यावर ते कोपऱ्यापर्यंत पोहोचले तरी खालच्या पत्र्यावर कोपरा गाठलेला नसतो. तो गाठण्यासाठी पाते पुढे ढकलले की वरच्या पत्र्यावर रेषा कोपऱ्याच्या पलीकडे जाते. ही लहानशी चीर चौकटीखाली झाकली जाते; परंतु कोपऱ्यापाशीच बल एकवटत असल्याने तेथून पत्रा सुरकुततो आणि त्याच वाटेने बाष्प आत शिरते. योग्य रीत अशी की, प्रथम चारही कोपऱ्यांवर ड्रिलने छिद्रे घ्यावीत, करवत कोपऱ्याच्या अलीकडे थांबवावी आणि उरलेला भाग जिगसॉने किंवा हातकरवतीने पूर्ण करावा. नळासाठी गोल छिद्र घेताना ते नळाच्या मापाचे न घेता नळावरील उष्णतारोधक आवरणाच्या मापाचे घ्यावे, अन्यथा आवरण भिंतीपाशीच खंडित होते.

काप पूर्ण होताच मऊ कुंच्याने सर्व कीस झाडून काढावा. हे काम दिवसअखेरीपर्यंतही पुढे ढकलू नये, कारण दवाने ओला झालेला कीस एका रात्रीत डाग पाडतो. कडेवरचे अणकुचीदार टोक कानशीने हलकेच काढून योग्य रंगाने कड झाकावी.

गाभ्याच्या प्रकारानुसार काही बदल संभवतात. थर्माकोलचा मोकळा ठोकळा तप्त तारेने सहज कापता येतो. परंतु त्यावर पत्रा असल्यास ही पद्धत निरुपयोगी ठरते. खनिज लोकर जळत नाही, तथापि तिचे तंतू त्वचेला, डोळ्यांना व श्वसनमार्गाला त्रासदायक असतात, आणि कापलेली कड उघडी राहिल्यास लोकर पाणी शोषते. म्हणून अशी पॅनेले पावसात कापून तशीच ठेवणे अयोग्य होय.

६. कापलेली कड : बाष्प व उष्णता

अखंड पॅनेलात पोलादी पत्रा हा जवळजवळ परिपूर्ण बाष्परोध असतो. काप घेतला की हा रोध त्या रेषेवर संपतो. त्याचे गांभीर्य आकड्यांवरून ध्यानात येईल. पावसाळ्यात बाहेरील हवा ३० अंश सेल्सिअस व ८० टक्के आर्द्र असेल तर तिच्यातील बाष्पदाब सुमारे ३.४ किलोपास्कल असतो. उणे २० अंशांच्या गोठण कक्षात तो ०.१ किलोपास्कलच्या आसपास राहतो. म्हणजे बाहेरून आत बाष्प ढकलणारा दाब ३० पटींहून अधिक असतो आणि तो दिवसरात्र कार्यरत असतो. कड मोकळी राहिली असेल तर बाष्प फटीतून व फोममधून आत सरकते, थंड भागात पोहोचताच त्याचे पाणी व पुढे बर्फ होते. बर्फ फुगून पत्रा व गाभा यांना विलग करतो. ओला फोम उष्णतारोधक राहत नाही; यंत्र अधिक वेळ चालते व विजेचे देयक वाढते. भिंतीवर घाम दिसू लागतो तेव्हा आतील हानी बहुधा बरीच पुढे गेलेली असते.

यासाठी कापलेल्या कडेवर व सांध्यात न सुकणाऱ्या ब्यूटाइल मस्तकाचा सलग थर देणे, मोकळी जागा फोमने भरणे आणि वरून फ्लॅशिंग बसविणे ही क्रमवार कृती आवश्यक ठरते. हा बाष्परोध सांध्याच्या उष्ण बाजूस असावा. तो केवळ थंड बाजूस दिल्यास बाहेरून आलेले बाष्प सांध्यातच अडकून पडते. फ्लॅशिंग हा दिखाऊ झाकणाचा पत्रा असून तो एकटा बाष्प अडवीत नाही, हेही स्पष्ट असावे.

येथवर काप हा दोष म्हणून विचारात घेतला. परंतु शीतगृहात एक काप असा असतो की जो न घेणे हाच दोष ठरतो. कक्षाच्या भिंती उष्णतारोधक छताच्या वरपर्यंत नेल्या असल्यास भिंतीचा आतील पत्रा छताखाली थंड, तर छतावर उष्ण हवेत असतो. तोच पत्रा अखंड असल्याने उष्णता त्यातून खाली उतरते. हा उष्णतासेतू होय. ०.५ मिमी जाडीचा पत्रा १०० मिमी जाडीचे छत ओलांडत असेल, तर स्थूल गणिताने, पृष्ठभागालगतच्या हवेचा रोध बाजूला ठेवता, एक मीटर लांबीच्या सांध्यातून एका अंशाच्या तापमानफरकाला सुमारे ०.२५ वॅट उष्णता वाहते. १०० मिमी जाडीच्या पॉलियुरेथेन पॅनेलच्या एका चौरस मीटरमधून ती सुमारे ०.२२ वॅट वाहते. म्हणजे दुर्लक्षित राहिलेला एक मीटर सांधा एक चौरस मीटर भिंतीइतकी उष्णता आत आणू शकतो. यावरील उपाय म्हणजे छताच्या जाडीत येणाऱ्या भागात आतील पत्र्याची अरुंद पट्टी कापून काढणे व ती जागा फोम व मस्तकाने भरणे. अर्थात या कापाने त्या रेषेवर पॅनेलचे बळ घटते. म्हणून तो आराखड्यात दाखविलेला, आधाराच्या कोनपट्टीचा विचार केलेला असावा आणि त्याची खोली पत्र्यापुरतीच असावी.

७. आगीचा धोका

कापकामाचा सर्वांत गंभीर पैलू अग्निसुरक्षेचा आहे. पत्र्याच्या आत बंदिस्त फोम काही काळ ज्वालेपासून सुरक्षित असतो. कापलेल्या कडेवर मात्र तो उघडा पडतो. पॉलियुरेथेन वितळत नाही, पण जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू बाहेर टाकतो. थर्माकोल १०० अंशांच्या आसपास मऊ पडतो व पुढे वितळून जळते थेंब गाळतो. ठिणगी गाभ्यात शिरली तर ज्वाला न दिसता फोम धुमसत राहू शकतो आणि पत्र्यामुळे ही आग बाहेरून ओळखू येत नाही.

दक्षिण कोरियातील इचॉन या शहराने याचे दारुण अनुभव घेतले आहेत. तेथील एका शीतगोदामात जानेवारी २००८ मध्ये लागलेल्या आगीत ४० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्याच शहरात २९ एप्रिल २०२० रोजी बांधकामाधीन गोदामाला आग लागून ३८ कामगार मरण पावले. तळघरात शीतकरण यंत्रणेच्या जोडणीसाठी चाललेल्या वेल्डिंगची ठिणगी आतील युरेथेन फोममध्ये शिरली, ती काही काळ ज्वालेविना धुमसली आणि मग आग भडकली, असे तपासात निष्पन्न झाले. तो फोम पॅनेलमधील नसून फवारलेला होता. तथापि उघडा फोम व ठिणगी यांच्या सान्निध्याचा धडा तोच आहे. शीतगृह कार्यरत असतानापेक्षा ते बांधले जात असताना, म्हणजे कडा उघड्या, दरवाजे अपूर्ण व अग्निशमन व्यवस्था अद्याप बसलेली नसताना, धोका अधिक असू शकतो.

यावरून काही नियम स्पष्ट होतात. पॅनेलवर ठिणगी उडविणारे साधन वापरू नये. नळांच्या जोडणीचे तापकाम शक्यतो पॅनेल बसविण्यापूर्वी किंवा भिंतीपासून दूर करावे. जागेवर ते अपरिहार्य असल्यास लेखी परवानगी, अज्वालाग्राही पडदा, जवळ अग्निशामक आणि काम संपल्यानंतरही देखरेखीसाठी थांबणारी व्यक्ती यांची व्यवस्था हवी. कापलेली कड त्याच दिवशी झाकावी. फोमचा भुसा व तुकडे कामाच्या ठिकाणी साचू देऊ नयेत.

८. कामगार व अवशेष

नुकताच कापलेला पातळ पत्रा धारदार पात्याप्रमाणे असतो. जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण आणि नाकातोंडावर धूळरोधक मुखवटा ही साधने कामगाराला पुरविणे ठेकेदाराचे कर्तव्य आहे. फिरत्या पात्यात हातमोजा अडकू नये म्हणून दोन्ही हात मुठींवर राहतील, अशीच करवत निवडावी. उष्ण कापाने पॉलियुरेथेन तापल्यास श्वसनमार्गाला घातक असे आयसोसायनेट वायू निर्माण होऊ शकतात. थंड कापाचा पुरस्कार करण्यामागे हेही कारण आहे. छपरावर पॅनेल कापताना लांब तुकडा वाऱ्याने उचलला जातो, म्हणून काप शक्यतो जमिनीवरच घ्यावेत.

उरलेल्या तुकड्यांचा प्रश्नही लहान नाही. ते पेटवून देण्याची पद्धत सर्वथा त्याज्य आहे. पत्रा भंगारात जाऊ शकतो. फोम वेगळा काढून अधिकृत विल्हेवाटीसाठी द्यावा लागतो. जुन्या इमारतींतील पॅनेले पाडताना आणखी एक बाब उद्भवते. पूर्वी फोम फुगविण्यासाठी ओझोनला हानिकारक वायू वापरले जात. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने हटविले गेले आणि भारतात फोमनिर्मितीतील एचसीएफसी-१४१बी या रसायनाचा वापर १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. त्यापूर्वीच्या फोमच्या पेशींत हे वायू अद्याप कोंडलेले असू शकतात. अशी पॅनेले जितकी कमी कापली जातील व जितकी अखंड उतरवून पुन्हा वापरली जातील, तितके हिताचे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) सँडविच पॅनेलाचे गुण त्याच्या अखंडतेतून येतात. त्यामुळे कापलेली कड ही भिंतीतील सर्वांत दुर्बल जागा ठरते. कापांची संख्या कमी करणे हा दर्जा राखण्याचा पहिला उपाय आहे आणि तो आराखड्याच्या टप्प्यावरच योजता येतो.

२) जागेवरील अपरिहार्य काप दात असलेल्या साधनानेच घ्यावेत. ग्राइंडर वर्ज्य असल्याचा स्पष्ट उल्लेख निविदेत असावा. मात्र केवळ निषेध पुरेसा नाही. योग्य करवत व पाती यांचा खर्च दरपत्रकात स्वतंत्रपणे दाखविला गेला पाहिजे.

३) कापणे, किस काढणे, कड झाकणे व सांधा बाष्परोधक करणे ही एकच सलग कृती मानावी व ती पूर्ण झाल्याशिवाय मोजमाप पुस्तिकेत नोंद घेऊ नये.

४) उष्णतासेतू तोडणारे काप आराखड्यात मापासह दाखवावेत.

५) बांधकामाच्या काळात उघडा फोम व तापकाम यांना एकत्र येऊ देऊ नये.

६) औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील पत्राकामाच्या अभ्यासक्रमात या पॅनेलांच्या हाताळणीचे प्रात्यक्षिक अंतर्भूत करणे उपयुक्त ठरेल.

द्राक्षबागायतदार वर्षभर औषधफवारणी, छाटणी व विरळणी यांवर पैसा व कष्ट खर्च करतो. त्याच्या मालाचे अखेरचे रक्षण १०० मिमी जाडीची एक भिंत करीत असते. त्या भिंतीला दरवाजा पाडणाऱ्या कामगाराच्या हाती कोणते पाते आहे, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक तपशिलापुरता मर्यादित राहत नाही; तो शेतमालाच्या अर्थकारणाचा आणि कामगाराच्या जीविताचाही प्रश्न ठरतो.